शस्त्रक्रियेनंतरचे भांडण कोणाचे?

१

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की कोणाच्या डोळ्यांसमोर महाविद्यालय येत नाही, दवाखाना येतो. १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयात आणि त्याहून जुन्या ‘मेयो’त केवळ नागपूरची माणसे येत नाहीत. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ येथून, शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि थेट छत्तीसगडातूनही सतरंजी, डबा आणि पाण्याची कॅन घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे येतात. शस्त्रक्रिया होते. बहुतेकदा ती यशस्वीही होते. भांडणाला तोंड फुटते ते त्यानंतर.

हे भांडण सर्वांच्या इतक्या परिचयाचे आहे की ते कोणा एका रुग्णालयाच्या नावावर मांडण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दीड दिवस उलटलेला आहे. पहाटेचे चार वाजले आहेत. रुग्णाची बायको कॉटशेजारी जमिनीवर बसून सलाईनच्या बाटलीकडे पाहत आहे, कारण ‘संपत आली की सांगा’ असे तिला बजावण्यात आले आहे. नवऱ्याच्या तोंडाला कोरड पडलेली आहे. “सिस्टर, घोटभर पानी देऊ का जी यायले?” असे ती तिसऱ्यांदा विचारते. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नुकत्याच आलेल्या रुग्णाला इंजेक्शन देत असलेली सिस्टर तिथूनच ओरडते, “एकदा सांगितलं ना, काही द्यायचं नाही म्हणून!” शेजारच्या कॉटवरच्या माणसाला मात्र काल संध्याकाळीच चहा मिळालेला आहे. बाई ते पाहून आहे. सकाळी तिचा भाऊ येतो, आवाज चढतात, सुरक्षारक्षक येतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते : रुग्णाचे नातेवाईक व कर्मचारी यांच्यात वाद.

या वादाचे दोनच अर्थ आपल्याकडे लावले जातात. पहिला अर्थ असा, की सरकारी दवाखान्यातील कर्मचारी उर्मट आणि माणुसकीला पारखे झालेले आहेत. दुसरा असा, की आपले लोक अडाणी आहेत, त्यांना नियम कळत नाहीत आणि ते चटकन हातघाईवर येतात. पहिला अर्थ मध्यमवर्गीय दिवाणखान्यात लोकप्रिय आहे, दुसरा डॉक्टरांच्या विश्रामकक्षात. दोन्ही अर्थांचा पाया एकच : भांडणाचे मूळ माणसाच्या स्वभावात शोधायचे. साहित्याच्या अभ्यासकांना ही सवय ओळखीची वाटली पाहिजे. पात्राच्या वागण्याचा उलगडा त्याच्या परिस्थितीतून न करता त्याच्या ‘मुळातल्या’ दुष्टपणातून किंवा भोळेपणातून करणारी समीक्षा आपण वर्गात बाळबोध ठरवतो. रुग्णालयाच्या दारात शिरताच मात्र आपण सगळे तीच समीक्षा करू लागतो.

आमचे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेनंतरचे भांडण हे रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातील भांडण नव्हेच. ते दोन श्रमिकांचे भांडण आहे. एक श्रमिक पगारी पण संख्येने अपुरा, दुसरा बिनपगारी आणि बिनशिक्षित. बरे करण्याचे जे काम कोणीच पूर्णपणे आपले मानलेले नाही, ते या दोघांवर ढकलले जाते आणि मग ते एकमेकांवर ओरडतात. ज्यांनी ते ढकलले, त्यांच्या कानांवर तो आवाज जात नाही.

२

शस्त्रक्रियेला नायक असतो, नाट्य असते, सुरुवात आणि शेवट असतो. लाल दिवा लागतो, लाल दिवा विझतो, डॉक्टर बाहेर येऊन मास्क खाली ओढतात. हिंदी आणि मराठी चित्रपटांनी हे दृश्य इतके घोटवून घेतले आहे की त्यानंतर काय होते हा प्रश्नच प्रेक्षकाला पडत नाही. त्यानंतर काय होते? नळीतून लघवी किती आली ते मोजले जाते. टाक्यांतून पाणी येते का ते पाहिले जाते. कूस बदलली जाते. खोकताना पोटावर उशी दाबून धरायला शिकवले जाते, निदान शिकवले जाणे अपेक्षित असते. वारा सरला का, हे दिवसातून चारदा विचारले जाते. या कामांत नाट्य नाही, आणि म्हणूनच ती आपल्या कथनातून गळून जातात.

आपल्या वाङ्मयात शल्यविशारदांची आत्मकथने आहेत. डॉ. रवी बापटांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ हे त्यांतले ठळक नाव, आणि सार्वजनिक रुग्णालयाबद्दलची आस्था त्याच्या शीर्षकापासूनच दिसते. परंतु वॉर्डाची कथा वॉर्डात सर्वाधिक तास काढणाऱ्यांनी, म्हणजे सिस्टरने, मावशीने किंवा कॉटखाली झोपणाऱ्या बहिणीने सांगितलेली मराठी पुस्तके किती जणांना पटकन आठवतील? हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना विचारला तर वर्गात शांतता पसरेल असे आम्हांला वाटते, आणि ती शांतता विद्यार्थ्यांचा दोष नसेल.

या उणिवेच्या जागी आपण काय बसवले? २००३ साली आलेल्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ने रुग्णालयातील कोरड्या संबंधांवर एक उपाय सुचवला : मिठी. दिग्दर्शक राजकुमार हिराणी हे नागपूरचे, त्यामुळे या शहराला त्या चित्रपटाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांलाही तो पाहताना हसू आले होते आणि डोळेही ओलावले होते. त्यात फरशी पुसणारा वैतागलेला म्हातारा कामगार आहे. नायक त्याला मिठी मारतो आणि त्याचा वैताग विरघळतो. त्या कामगाराला तेवढी फरशी एकट्याने का पुसावी लागते, हे चित्रपट विचारत नाही. चित्रपटाने ते विचारलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. आमची तक्रार अशी आहे की समाजाने तो उपाय धोरण म्हणून स्वीकारला. भांडण झाले की कर्मचाऱ्यांसाठी ‘संवादकौशल्या’ची कार्यशाळा घ्यायची, भिंतीवर हसऱ्या परिचारिकेचे चित्र लावायचे, मेमध्ये परिचारिकादिनी गुलाबाचे फूल द्यायचे. मिठीला खर्च येत नाही, हेच तिच्या लोकप्रियतेचे कारण असावे.

या बाबतीत चेखव आपल्यापेक्षा फार पुढे होता. त्याच्या १८९२च्या ‘वॉर्ड नं. ६’ मध्ये मनोरुग्णांना मारहाण करतो तो निकिता नावाचा पहारेकरी. चेखवने त्या निकिताला मुख्य आरोपी केले असते तर ती एका क्रूर पहारेकऱ्याची गोष्ट झाली असती. आरोपी आहे तो डॉक्टर रागिन : सुसंस्कृत, वाचनप्रिय, कोणावर हात न उगारणारा, वेदना हा मनाचा खेळ आहे असे तत्त्वज्ञान सांगणारा. निकिता मारतो हे त्याला ठाऊक आहे आणि तो काही करत नाही. अखेर तो स्वतः त्याच वॉर्डात कोंडला जातो आणि त्याच मुठीचा मार खातो, तेव्हा त्याला कळते की इतकी वर्षे निकिताची मूठ आपल्याच नावाने चालत होती. मराठी वर्गांत ही कथा अस्तित्ववादाच्या नाहीतर रशियन समाजाच्या खात्यात टाकून शिकवली जाते. ती रुग्णालयाच्या प्रशासनाबद्दलची कथा आहे, असे वाचून पाहायला काय हरकत आहे?

३

आता थोडे गणित. साहित्याच्या माणसांना ते रुक्ष वाटेल, पण या वादातील अर्धे सत्य त्यातच आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी. समजा, शस्त्रक्रियेचा वॉर्ड ४० कॉटांचा आहे आणि रात्रपाळीला २ परिचारिका आहेत. (ज्यांनी वॉर्डात रात्र काढली आहे ते सांगतील की ही कल्पना फार अतिशयोक्त नाही, जमिनीवर गादी टाकून ठेवलेले रुग्ण आम्ही यात धरलेले नाहीत.) पाळी १२ तासांची, म्हणजे ७२० मिनिटांची. एका परिचारिकेच्या वाट्याला २० रुग्ण, एका रुग्णाच्या वाट्याला संपूर्ण रात्रीतून ३६ मिनिटे. या ३६ मिनिटांत नाडी, रक्तदाब आणि ताप पाहायचा, प्रतिजैविकांच्या मात्रा वेळेवर द्यायच्या, सलाईन बदलायचे, लघवीची पिशवी मोजायची, जखमेवरची पट्टी पाहायची आणि हे सगळे कागदावर उतरवायचे, कारण उद्या काही झाले तर कागदच तिला वाचवेल. नवा रुग्ण आला, एखाद्याची प्रकृती ढासळली, निवासी डॉक्टरला बोलवावे लागले, की ही मिनिटे आणखी आटतात. ‘यांना पाणी का द्यायचे नाही’ हे समजावून सांगण्यासाठी लागणारी पाच मिनिटे या हिशेबात कुठेच नाहीत. ती पाच मिनिटे नसणे म्हणजेच तो चढलेला आवाज.

मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या. दोन्ही वेळी कंत्राटी भरतीला विरोध ही एक प्रमुख मागणी होती. संप होताच नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. शल्यविशारद हजर होते, यंत्रे होती, औषधे होती. तरी शस्त्रक्रिया होऊ शकल्या नाहीत. शस्त्रक्रिया नेमकी कोणाच्या खांद्यावर उभी असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? परंतु दोन्ही वेळी चर्चा रंगली ती ‘सेवाव्रत’ घेतलेल्यांनी संप करावा का, या विषयावर.

खासगी रुग्णालयांत चित्र वेगळे असेल असे वाटत असेल तर तोही भ्रम आहे. तेथे वातानुकूलन आहे आणि स्वागतकक्षात हसून बोलणारी मुलगी आहे; पण वॉर्डातली परिचारिका बहुधा तरुण, अल्प पगारावरची आणि वर्षाच्या आत दुसरीकडे जाण्याच्या विचारात असलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीला, ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस करावी लागली. एवढी साधी गोष्ट शिफारशीने सांगावी लागते, यावरून स्थितीची कल्पना यावी. तेथील भांडण पाण्यावरून होत नाही, बिलावरून होते, इतकेच. बिल मात्र परिचारिकेने केलेले नसते. कॉटजवळ उभी असते तीच, म्हणून तिला ऐकून घ्यावे लागते.

४

दुसऱ्या श्रमिकाकडे वळू. शासकीय कागदांत त्याला ‘नातेवाईक’ म्हणतात. त्याच्या कामाची यादी कोणी केलेली नाही, म्हणून आम्ही करतो : रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, अहवाल आणणे, बाहेरून औषधे आणणे, स्ट्रेचर ढकलणे, सलाईनवर लक्ष ठेवणे, रुग्णाला भरवणे, पुसणे, उठवणे, शौचाला नेणे, आणि रात्री दर दोन तासांनी जागे होणे. तो या कामांतून अंग काढून घेईल तर वॉर्ड दुपारपर्यंतही चालणार नाही. तरीही वॉर्डाच्या दृष्टीने तो गर्दी असतो. राउंडच्या वेळी ‘नातेवाईक बाहेर’ ही हाक घुमते. म्हणजे ज्याने रात्रभर रुग्ण पाहिला, नेमका तोच रुग्णाविषयी बोलणे चालू असताना बाहेर असतो. जो डॉक्टर सात मिनिटे थांबून गेला, त्याचे शब्द त्याला दुसऱ्या कोणाकडून तरी तुटक ऐकायला मिळतात. दोन-तीन मुखांतून आलेल्या त्या निरोपात पाठभेद होतात, आणि पाठभेदांतून संशय जन्मतो.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. त्या हल्ल्याचे समर्थन आम्ही कोणत्याही युक्तिवादाने करणार नाही. छत्तीस-छत्तीस तास जागणाऱ्या, विशीपंचविशीतल्या मुलामुलींवर हात उचलणे हा गुन्हाच आहे. त्यासाठी २०१० पासून राज्यात स्वतंत्र कायदा आहे. प्रश्न असा, की या घटनेतून शासनाने कोणता धडा घेतला? सुरक्षारक्षक वाढले आणि रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास, ही व्यवस्था कडक झाली. दारावरचा माणूस वाढला, कॉटजवळचा वाढला नाही. भांडण होण्याचे कारण तसेच ठेवून भांडणाऱ्यांमध्ये काठी उभी करण्यात आली.

आणि ज्याचे म्हणणे ऐकले गेले नाही, तो जाणार कुठे? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. त्या निकालाचा पुष्कळ गौरव झाला. त्यातील एक भाग मात्र फारसा उच्चारला जात नाही : जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, ती रुग्णालये या कक्षेबाहेर राहिली. केसपेपरसाठी भरलेले नाममात्र शुल्क माणसाला ग्राहक करत नाही. म्हणजे पैसे भरणाऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या वाट्याला उपकृताची भूमिका येते. ‘फुकट मिळते आहे ना?’ हा वॉर्डातला टोमणा सिस्टरच्या स्वभावातून आलेला नाही, त्यामागे अशी एक भलीमोठी परंपरा आहे. रुग्णहक्कांची सनद राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केली. राज्यात २०२१च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना ती दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. सनद लागली तरी ती वाचून दाखवायला तेच पाच मिनिटांचे माणूस लागते.

५

या भांडणाच्या तळाशी एक वस्तू आहे, जिचे नाव घ्यायला सभ्य लेखन कचरते : बेडपॅन. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त वाद या भांड्यावरून होतात. हे काम कोणाचे? परिचारिका म्हणते मावशीचे, मावशी म्हणते मला दोन वॉर्ड आहेत, मामा म्हणतो बायकांच्या वॉर्डात मी कसा येऊ, आणि शेवटी ते नातेवाइकाच्या हाती येते. तेही शक्यतो नातेवाइकांतल्या बाईच्या.

या उतरंडीला शासकीय मराठीने भारदस्त नावे दिली आहेत : अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, कक्षसेवक, सफाईगार. वॉर्डात यांपैकी एकही शब्द ऐकू येत नाही. तेथे ‘सिस्टर’, ‘मावशी’ आणि ‘मामा’ असतात. नात्याच्या या संबोधनांचे कौतुक मराठी मन फार करते. आम्हांला त्यांत दुसरेही काही दिसते. मावशीला पगारवाढ मागता येत नाही, मावशीने ‘हे माझे काम नाही’ म्हटले की ती कृतघ्न ठरते. डॉक्टरला कोणी ‘काका’ म्हणत नाही. नात्याचे शब्द नेमके तिथेच सुरू होतात जिथे मलमूत्राला हात लावण्याचे काम सुरू होते, हा योगायोग नव्हे. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी मुलींना परिचर्येकडे वळवले तेव्हा ‘चांगल्या’ घरांनी नाके मुरडली होती. ती घृणा अजून गेलेली नाही; तिने ‘सेवा’ या शब्दाचे सोवळे नेसले आहे, एवढेच.

नागपुरात बसून हे लिहिताना बाबासाहेबांची आठवण टाळता येत नाही. १९३६च्या ‘अ‍ॅनाइहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्थेत कामांची वाटणी होत नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात आणि चढउतारीने रचली जातात. वॉर्डातील बेडपॅनचा प्रवास पाहिला की या विवेचनासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. प्रत्येक जण आपल्याहून खालचा हात शोधतो. सर्वांत खाली असतो तो रुग्णाचा नातेवाईक, आणि त्याच्या जवळ फेकून मारायला एकच गोष्ट शिल्लक असते, ती म्हणजे आवाज.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याचे प्रकाशात आल्यावर एका खासदाराने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. पुढे त्या खासदारांवर गुन्हाही दाखल झाला. पण चित्रफीत पाहून टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. त्यांना न्याय झाल्यासारखे का वाटले? कारण शौचालय साफ करणे हा आपल्या मनात अजूनही ‘दंड’ आहे. जोवर ते दंड आहे, तोवर शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषाही दंडच राहणार, आणि दंड भोगणारा माणूस गोड बोलेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

६

आता भाषा. हे तर आपलेच क्षेत्र.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. वैद्याला त्याने प्रमुख मानले, हे खरे. परंतु परिचारकाला आणि रुग्णालाही त्याने चौकटीत घेतले, आणि रुग्णाच्या चार गुणांत एक गुण ‘ज्ञापकत्व’ सांगितला : आपल्याला काय होते आहे ते सांगता येण्याची क्षमता. सांगणे हा बरे होण्याचा भाग आहे, असे आपली परंपरा म्हणते. आपल्या वॉर्डात सांगणे ही कटकट समजली जाते.

सांगायचे तरी कोणत्या भाषेत? संमतीपत्र पुष्कळदा इंग्रजीत. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, त्यावरील औषधांच्या वेळा लॅटिन आद्याक्षरांत. कॉटला टांगलेल्या कागदावर ‘एनबीएम’ अशी तीन अक्षरे असतात. तोंडाने काही द्यायचे नाही, हा त्यांचा अर्थ. वऱ्हाडी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईने त्यातून काय समजावे? भूल आणि शस्त्रक्रिया यांनंतर आतड्यांची हालचाल मंदावते, ती सुरू होण्यापूर्वी पोटात पाणी गेले तर उलटी होऊ शकते, उलटीने टाक्यांवर ताण येतो आणि ती श्वासमार्गात गेली तर जीवावर बेतते. शेजारच्याची शस्त्रक्रिया वेगळी होती, त्याला लवकर पाणी देणेच हिताचे होते : एवढे तिला तिच्या बोलीत कोणी सांगितले असते तर तिने नवऱ्याचे ओठ ओल्या बोळ्याने पुसले असते आणि स्वतः राखण केली असती. तिला अडाणी म्हणण्यापूर्वी तिला सांगितले होते का, हे विचारले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात हेच तत्त्व शस्त्रक्रियेपुरते मांडले. तपासणीसाठी आलेली प्रौढ स्त्री भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले होते. न्यायालय म्हणाले, संमती पुरेशी माहिती देऊन आणि स्वतः रुग्णाचीच घेतली पाहिजे. कायद्याची ही दृष्टी आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. शस्त्रक्रियेआधी एक सही. नंतरचे आठ दिवस मात्र आज्ञा. उठा, बसा, चाला, गप्प राहा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८६०च्या सुमाराच्या पुस्तकात रुग्णाच्या खोलीत कुजबुजण्याला तिने क्रूरपणा मानले आहे, कारण न ऐकू येणाऱ्या शब्दांचा अर्थ लावण्यात रुग्णाची शक्ती खर्ची पडते. आपल्या वॉर्डात कॉटच्या पायथ्याशी चाललेली इंग्रजी चर्चा ही त्या कुजबुजीचीच मोठ्या आवाजातली आवृत्ती आहे.

७

आमच्यावर काही आक्षेप येतील, ते आधीच घेतो. काही कर्मचारी खरोखरच उद्धट असतात, स्ट्रेचर ढकलायला पैसे मागतात, वेदनेने कण्हणाऱ्याला ‘नाटके करू नका’ म्हणतात. हे आम्ही नाकारत नाही. प्रसूतिकक्षात आणि सिझेरियननंतर बायकांना जी भाषा ऐकावी लागते ती तर लिहिण्याजोगी नाही; जगभर हे इतके पसरलेले आहे की जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढावे लागले. परिस्थितीने वागणुकीचा उलगडा होतो, तिला माफी मिळत नाही. पैसे मागणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण कारवाई नेहमी उतरंडीच्या तळाशीच का थांबते, हाही प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप : माणसे कमी असूनही गोड बोलणाऱ्या परिचारिका असतातच की. असतात. मुंबईच्या केईएममध्ये १९७३ ते २०१५ अशी जवळजवळ ४२ वर्षे अरुणा शानबाग या आपल्या सहकारिणीची शुश्रूषा परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद दिली. परंतु त्या वॉर्डात ‘ही रुग्ण कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते : ही आमची. संख्येने कमी असलेल्या हातांनाही त्या उत्तराने बळ दिले. आपण मात्र त्यातून परिचारिका देवदूत असतात एवढाच अर्थ काढला. देवदूताला जेवणाची सुटी लागत नाही, आणि त्याची पदेही भरावी लागत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत आवडता : साहित्यिकांचा याच्याशी काय संबंध? संबंध असा, की ‘सेवा’, ‘मावशी’, ‘देवदूत’, ‘उपकार’, ‘अडाणी नातेवाईक’ हे शब्द आमच्या भाषेने पुरवलेले आहेत. या शब्दांच्या आडोशाने एक मोठे काम बिनमोबदला आणि बिनहिशेबी करून घेतले जाते. शब्द तपासणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हे शब्द तपासायचे नाहीत, तर मग काय तपासायचे?

म्हणून आमच्या मागण्या अगदी गद्य आहेत. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर प्रत्येक पाळीला दोन आकडे लिहावेत : आज रुग्ण किती आणि परिचारिका किती. बाईने ओरडण्यापूर्वी तो फळा वाचावा, आणि अधिष्ठात्यांनी कार्यशाळा भरवण्यापूर्वी. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या माणसाला दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच्या बोलीत सांगणारे कोणी असावे, आणि ते काम कोणाच्या तरी पदाच्या कर्तव्यात लिहिलेले असावे. राउंडच्या वेळी रात्र काढलेल्या एका माणसाला कॉटजवळ थांबू द्यावे. डिस्चार्ज कार्ड मराठीत आणि हिंदीत असावे. नातेवाइकाकडून काम करून घ्यायचेच असेल तर ते त्याला शिकवावे आणि त्याला झोपायला जागा द्यावी. आणि रिक्त पदे भरावीत, कायम स्वरूपाची भरावीत; या एका वाक्याविना बाकीची सगळी वाक्ये गुलाबाच्या फुलाइतकीच उपयोगाची आहेत.

पहाटे चार वाजता सलाईनच्या बाटलीकडे टक लावून बसलेली ती बाई आणि दुसऱ्या टोकाला इंजेक्शन भरणारी ती सिस्टर, दोघीही रात्रभर जाग्या आहेत, आणि दोघीही एकाच माणसाने जगावे म्हणून जाग्या आहेत. सकाळी त्या एकमेकींविरुद्ध तक्रार लिहितील. ती तक्रार वाचणाऱ्याने दोन्ही अर्जांच्या खाली तिसऱ्याच कोणाचे तरी नाव शोधावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.